मॅग्नेटोवर चालणाऱ्या जुन्या मोटारीला आरपीएम मीटर : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

या वेळी एकाच विषयावरची पत्रे एकत्र घेतली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर मुद्दाम विस्ताराने दिले आहे, कारण त्यात विचारलेली अडचण मॅग्नेटोच्या (बॅटरीशिवाय स्वतःच ठिणगीची वीज तयार करणाऱ्या यंत्राच्या) मूळ रचनेशी निगडित आहे आणि ती रचना नीट समजली की पुढच्या बऱ्याच शंका आपोआप सुटतात.

प्रश्न : माझ्याकडे १९२८ सालची चार सिलिंडरची उघडी मोटार आहे. इग्निशन पूर्णपणे मॅग्नेटोवर असून बॅटरी केवळ दिवे आणि स्टार्टर यांसाठी आहे. इंजिनाचे मिनिटाला होणारे फेरे (आरपीएम) कळावेत म्हणून मी आजच्या पद्धतीचे, बारा व्होल्टवर चालणारे इलेक्ट्रॉनिक मीटर आणले. त्याच्या माहितीपत्रकात सिग्नलची वायर ‘कॉइलच्या ऋण टोकाला’ जोडा, असे लिहिले आहे. माझ्या गाडीत कॉइलच नसल्यामुळे मी ती वायर मॅग्नेटोच्या स्विचच्या वायरला जोडली. आता मीटर चालते, पण प्रत्यक्षात असतील त्याच्या निम्मेच फेरे दाखवते. शिवाय एरवी हँडलच्या दुसऱ्या-तिसऱ्या झटक्याला सुरू होणारे इंजिन आता फार दमवते. वायर काढली की पुन्हा पूर्ववत होते. मीटर खराब आहे, की मॅग्नेटो अशक्त झाला आहे?

उत्तर : दोन्ही ठीक आहेत, चुकली आहे ती जोडणीची जागा. आपण नोंदवलेली दोन्ही लक्षणे, म्हणजे निम्मे वाचन आणि सुरू होण्यातला त्रास, एकाच कारणातून येतात, म्हणून ते कारण आधी पाहू.

बॅटरी आणि कॉइलच्या (ठिणगीसाठी दाब वाढवणाऱ्या गुंडाळ्यांच्या जोडीच्या) इग्निशनमध्ये प्रायमरी गुंडाळीला बॅटरीकडून तीन-चार अँपिअर प्रवाह मिळतो आणि इंजिन सावकाश फिरत असले तरी तो कमी होत नाही. पॉइंट (हा प्रवाह जोडणारे-तोडणारे संपर्क) उघडले की गुंडाळीच्या ऋण टोकावर काहीशे व्होल्टचा झटका उमटतो. इलेक्ट्रॉनिक मीटर हाच झटका मोजते, आणि त्यासाठी ते जे काही मिलिअँपिअर ओढून घेते त्याचा त्या भरघोस प्रवाहावर काहीच परिणाम होत नाही. मॅग्नेटोची गोष्ट वेगळी आहे. त्याला बाहेरून वीज मिळत नाही. कायमचुंबकाच्या ध्रुवांमध्ये आर्मेचर फिरते, त्यावरच्या जाड तारेच्या प्रायमरी गुंडाळीत प्रवाह निर्माण होतो, तो शिखराला पोहोचताच पॉइंट उघडतात आणि त्याच आर्मेचरवरच्या बारीक तारेच्या सेकंडरी गुंडाळीत ठिणगीपुरता दाब उसळतो. म्हणजे ठिणगीसाठी जी काही ऊर्जा आहे ती त्या क्षणी आर्मेचरने स्वतः कमावलेली असते, आणि हँडलने इंजिन फिरवताना, जेव्हा आर्मेचर अगदी सावकाश फिरते, तेव्हा ही कमाई सर्वांत तुटपुंजी असते. अशा वेळी प्रायमरीला समांतर जोडलेले कोणतेही उपकरण ठिणगीच्या वाट्यातलेच घेते. त्यातही मीटरची स्वतःची वीज बंद असेल, तर त्याच्या आतील संरक्षक घटकांतून प्रायमरीला अर्थकडे, म्हणजे गाडीच्या धातूच्या सांगाड्याकडे, जाण्याची वाट मिळू शकते, आणि मग ठिणगी दुबळी होते किंवा पडतच नाही.

ज्या वायरवर आपण मीटर जोडले ती कशासाठी असते, हेही ध्यानात घ्यावे. मॅग्नेटोचा स्विच इंजिन बंद करताना प्रायमरी अर्थ करतो. सुरू ठेवायचे असेल तेव्हा तो मोकळा असतो. त्यामुळे या वायरवरचे मीटर कधी आतून शॉर्ट झाले, तर इंजिन भर रस्त्यात बंद पडेल आणि दोष शोधताना माणूस कार्ब्युरेटर उघडून बसेल. एका दर्शक उपकरणाच्या बिघाडाने इंजिनच थांबावे, ही रचना कोणत्याही गाडीत मान्य करू नये.

आता निम्म्या वाचनाविषयी. फिरत्या आर्मेचरच्या मॅग्नेटोत एका फेऱ्यात चुंबकीय प्रवाह दोनदा उलटतो, म्हणून दोन ठिणग्या मिळतात. पण त्या एकमेकींच्या उलट ध्रुवतेच्या असतात. एक धन, पुढची ऋण, त्यापुढची पुन्हा धन, असा क्रम चालतो. कॉइलसाठी बनवलेले मीटर एकाच दिशेचे झटके ओळखते आणि उलट दिशेचे सोडून देते. चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकशाफ्टच्या एका फेऱ्याला दोन झटके येतील, असे ते धरून चालते, आणि आपल्याकडे त्याला त्यांतला एकच दिसतो. म्हणून ते बरोबर निम्मे दाखवते. मीटरवर सिलिंडरांची संख्या बदलण्याचा खटका असेल, तर तो दोनवर ठेवून वाचन दुरुस्त करता येईल, पण सुरू होण्याचा त्रास तसाच राहील. तेव्हा ती वायर काढून टाकावी, हाच माझा स्पष्ट सल्ला आहे. काढताना एक काळजी घ्यावी : मॅग्नेटोकडची मूळ वायर सैल राहिली, तर स्विच ‘बंद’ दाखवत असतानाही मॅग्नेटो जिवंत असतो आणि हाताने इंजिन फिरवताना ते अचानक पेटू शकते. मूळ जोडणी पूर्ववत करून स्विचने इंजिन खरोखर बंद होते, हे तपासल्याशिवाय पुढचे काम हाती घेऊ नये.

मग फेरे मोजायचे कुठून? जे फिरते आहे तेच मोजावे, मॅग्नेटोच्या विजेला हातच लावू नये. यासाठी उत्तम साधन म्हणजे कारखान्यांतील यंत्रांवर वापरला जाणारा प्रॉक्सिमिटी सेन्सर. बोटाएवढ्या जाडीच्या, आटे पाडलेल्या नळीसारखा हा सेन्सर समोरून लोखंडी वस्तू गेली की एक स्पंद देतो. बारा मिलिमीटर व्यासाच्या साध्या सेन्सरला वस्तू साधारण दोन मिलिमीटर अंतरावरून जावी लागते. त्याला तीन वायरी असतात : तपकिरी धन, निळी ऋण आणि काळी सिग्नलची. एनपीएन प्रकारचा सेन्सर घेतल्यास तो काळी वायर प्रत्येक वेळी ऋणाकडे खेचतो, म्हणजे इग्निशनचे पॉइंट करतात तेच काम करतो. काळी वायर आणि धन यांच्यामध्ये एक-दोन किलोओहमचा रेझिस्टर जोडला की मीटरला स्वच्छ बारा व्होल्टचे स्पंद मिळतात. काही मीटरना मात्र कॉइलच्या उंच झटक्यांचीच सवय असते आणि बारा व्होल्टचा स्पंद त्यांना पुरत नाही. म्हणून मीटर गाडीत बसवण्यापूर्वी सेन्सरसमोर ड्रिलमध्ये धरलेला बोल्ट फिरवून ते प्रतिसाद देते का, हे टेबलावरच पाहून घ्यावे.

सेन्सर बसवण्याची माझ्या मते सर्वांत चांगली जागा मॅग्नेटोला इंजिनाशी जोडणाऱ्या कपलिंगजवळची आहे, आणि याचे कारण मला फार समाधान देणारे वाटते. फिरत्या आर्मेचरचा मॅग्नेटो एका फेऱ्यात दोन ठिणग्या देतो, म्हणून चार सिलिंडरच्या इंजिनात तो क्रँकशाफ्टच्या वेगाने, सहा सिलिंडरमध्ये दीडपट आणि आठमध्ये दुप्पट वेगाने फिरवलेला असतो. कपलिंगवर समोरासमोर दोन बोल्टांची डोकी सेन्सरसमोरून जातील अशी रचना केली, तर चार सिलिंडरला क्रँकच्या प्रत्येक फेऱ्यामागे दोन, सहाला तीन आणि आठला चार स्पंद मिळतात, आणि कॉइलच्या मीटरला त्या त्या इंजिनाकडून नेमके तेवढेच हवे असतात. म्हणजे मीटरचा खटका गाडीच्या खऱ्या सिलिंडरसंख्येवर ठेवला की वेगळा हिशेब करावाच लागत नाही. ज्या मॅग्नेटोत चुंबक फिरते आणि एका फेऱ्यात चार ठिणग्या पडतात, तो निम्म्या वेगाने फिरतो. तिथे दोनऐवजी चार बोल्ट घ्यावेत. आपला मॅग्नेटो कोणत्या जातीचा आहे, हे ओळखण्यासाठी प्लग काढून, त्यांच्या वायरी अर्थला टेकवून आणि स्विच बंद ठेवून इंजिन हँडलने बरोबर एक फेरा फिरवावे आणि कपलिंगवर खडूने केलेली खूण किती फिरली ते पाहावे. प्लगच्या वायरी हवेत लोंबकळत ठेवून मॅग्नेटो कधीही फिरवू नये, कारण ठिणगीला वाट मिळाली नाही तर तिचा दाब आर्मेचरचे इन्सुलेशन फोडू शकतो.

कपलिंगपर्यंत पोहोचता येत नसेल, तर क्रँकशाफ्टची पुढची पुली घ्यावी. तिथे मात्र बोल्ट नसल्यामुळे लहान चुंबके चिकटवून हॉल सेन्सर (चुंबक जवळून गेले की स्पंद देणारा) लावण्याचा मोह होतो, आणि त्याविषयी सावध राहायला हवे. साठ मिलिमीटर त्रिज्येवर चिकटवलेले दोन ग्रॅमचे चुंबक चार हजार आरपीएमला सुमारे दोन किलो वजनाच्या ओढीने बाहेर पडू पाहते. नुसता डिंक त्याला फार काळ धरून ठेवील, यावर भरवसा ठेवू नये. चुंबक खाचेत बसवावे किंवा पुलीच्या कडेच्या आतल्या अंगाला लावावे, म्हणजे फेऱ्यांमुळे ते सुटण्याऐवजी अधिकच घट्ट दाबले जाईल. निओडिमियमची सर्वसाधारण चुंबके ८० अंश सेल्सिअसच्या पुढे आपली शक्ती गमावू लागतात, हेही लक्षात ठेवावे. आणि हॉल सेन्सर मॅग्नेटोच्या नालाकृती चुंबकांजवळ मुळीच लावू नये. त्यांच्या बाहेर सांडणाऱ्या चुंबकीय क्षेत्रामुळे तो गोंधळतो. प्रॉक्सिमिटी सेन्सरही साधारण ७० अंशांपर्यंतच्या तापमानासाठी बनवलेला असतो, म्हणून एक्झॉस्टच्या बाजूची जागा टाळावी.

काहीही बसवण्याची इच्छा नसेल, तर प्लगच्या वायरीभोवती पातळ वायरीचे चार-पाच वेढे देऊन चालणारी लहान डिजिटल मीटरे मिळतात. त्यांचा मॅग्नेटोवर जाणवण्याजोगा भार पडत नाही. मॅग्नेटोत डिस्ट्रिब्यूटर आतच असल्यामुळे सर्व ठिणग्या एकत्र वाहून नेणारी मधली वायर बाहेर सापडत नाही, म्हणून एकाच प्लगची वायर घ्यावी लागते आणि मीटर ‘दोन फेऱ्यांना एक ठिणगी’ या खुणेवर ठेवावे लागते. सहाशे आरपीएमला अशा वायरीतून सेकंदाला पाचच ठिणग्या जातात, त्यामुळे आकडा थोडा मागे राहून बदलतो. वर सांगितलेली ध्रुवता इथेही आडवी येते : १-३-४-२ या क्रमाने पेटणाऱ्या इंजिनात पहिल्या आणि चौथ्या प्लगला एका ध्रुवतेची, तर तिसऱ्या आणि दुसऱ्याला उलट ध्रुवतेची ठिणगी मिळते. मीटर पहिल्या वायरीवर अडखळत असेल, तर ते दुसऱ्या किंवा तिसऱ्या वायरीवर लावून पाहावे. अनेकदा तेवढ्यानेच ते सुरळीत चालते. ही सिग्नलची वायर इतर प्लगांच्या वायरींबरोबर एकाच जुडग्यात बांधू नये.

कायमस्वरूपी बसवायचे असेल तर मी कपलिंगजवळचा सेन्सरच निवडेन. त्यासाठी मूळ धातूत एकही नवे भोक पाडावे लागत नाही, कारण सेन्सरची पट्टी मॅग्नेटोच्या पायाच्या बोल्टाखाली धरता येते आणि पुढे कधी गाडी मूळ रूपात न्यायची झाली तर ती तासाभरात निघते.

प्रश्न : मला केबलवर चालणारे जुने क्रोनोमेट्रिक मीटर मिळाले आहे. माझ्या मोटारीच्या काळाला ते शोभेल. त्याची केबल इंजिनाला कुठे जोडावी?

उत्तर : मीटर मिळाले याचा आनंद आहे, कारण ही यंत्रे फार सुंदर असतात. क्रोनोमेट्रिक मीटरच्या आत घड्याळासारखी एस्केपमेंट, म्हणजे ठरावीक तालात चाक अडवणारी-सोडणारी यंत्रणा, असते. ठरावीक, अगदी थोड्या वेळात केबलचे किती फेरे झाले ते ती मोजते आणि काटा त्या आकड्यावर नेऊन ठेवते. म्हणून त्याचा काटा सरकत नाही, टप्प्याटप्प्याने उडी घेतो. चुंबकीय मीटरमध्ये फिरते चुंबक ॲल्युमिनियमच्या वाटीला केसासारख्या स्प्रिंगविरुद्ध ओढते आणि काटा अखंड सरकतो. हा फरक खरेदीच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे : चुंबकीय मीटरचे वाचन स्प्रिंग किंवा चुंबक यांत फेरफार करून थोडेफार बदलता येते, पण क्रोनोमेट्रिकचे वाचन त्याच्या गियरच्या दात्यांनी बांधलेले असते. त्यामुळे आपल्या गाडीतील केबलचा वेग मीटरला जुळवावा लागतो, मीटर गाडीला जुळत नाही.

तबकडीवर अनेकदा लहान अक्षरांत २:१ किंवा ४:१ असे प्रमाण लिहिलेले असते. २:१ म्हणजे इंजिनाच्या दोन फेऱ्यांना केबलचा एक फेरा अपेक्षित आहे. चार-स्ट्रोक इंजिनाचा कॅमशाफ्ट नेमका याच वेगाने फिरतो, म्हणून कॅमशाफ्टच्या टोकाला झाकण असेल आणि तिथे केबलचे टोक पकडणारा तुकडा बसवता येत असेल, तर ती जागा आदर्श आहे. दुसरी जागा डायनॅमोच्या मागच्या टोकाची. काही गाड्यांत डायनॅमो आणि मॅग्नेटो एकाच रेषेत, एकाच शाफ्टवर जोडलेले असतात. तिथे डायनॅमो मॅग्नेटोच्याच वेगाने फिरतो आणि चार सिलिंडरच्या इंजिनात २:१ चे मीटर चालवण्यासाठी वेग निम्म्यावर आणणारी काटकोनी गियरपेटी मध्ये घालावी लागते. डायनॅमो पट्ट्यावर चालत असेल, तर दोन्ही पुल्यांचे व्यास मोजून प्रमाण काढावे लागते आणि पट्टा घसरेल तेवढी चूक वाचनात कायमची राहते. पट्ट्यावरच्या डायनॅमोवरून क्रोनोमेट्रिक मीटर चालवणे मला तरी त्या यंत्राच्या अचूकतेचा अपव्यय वाटतो.

केबलला दीडशे मिलिमीटरपेक्षा लहान त्रिज्येचे वळण देऊ नये. ग्रीस हलक्या हाताने आणि केवळ खालच्या दोन-तृतीयांश भागाला लावावे. आतली तार पिळाची असल्यामुळे ती फिरताना जास्तीचे तेल मळसूत्रासारखे वर चढवते आणि ते थेट मीटरच्या यंत्रणेत जाते. पीळ कोणत्या दिशेचा आहे, हेही पाहावे. उलट दिशेने फिरवलेली तार उकलू लागते आणि लवकर तुटते. गाडीत बसवण्यापूर्वी ज्याचा वेग माहीत आहे अशा ड्रिलने केबल फिरवून पाहावी : २:१ च्या मीटरने केबलच्या एक हजार फेऱ्यांना दोन हजार दाखवले पाहिजे.

प्रश्न : माझ्या गाडीत सहा व्होल्टची बॅटरी असून तिचे धन टोक अर्थ केलेले आहे. बारा व्होल्टचे मीटर लावताच येणार नाही का?

उत्तर : येईल, पण थेट जोडू नये. आजच्या मीटरची धातूची कवची बहुधा त्याच्या ऋण टोकाशी जोडलेली असते, आणि डॅशबोर्डच्या पत्र्यावर ती बसवली की धन अर्थच्या गाडीत सरळ शॉर्ट होतो. सहाचे बारा व्होल्ट करणारा कन्व्हर्टर मिळतो. तो घेताना त्याच्या दोन्ही बाजू एकमेकींपासून विजेच्या दृष्टीने अलग आहेत, याची खात्री करून घ्यावी. मला मात्र याहून सोपा मार्ग आवडतो. मॅग्नेटोच्या गाडीत प्रॉक्सिमिटी सेन्सर वापरला तर मीटरचा इग्निशनशी काहीच संबंध उरत नाही, म्हणून मीटर आणि सेन्सर दोन्ही एका लहान, बंदिस्त बारा व्होल्टच्या बॅटरीवर गाडीच्या विजेपासून पूर्णपणे वेगळे चालवता येतात. सेन्सरची बाहेरची नळी आतल्या वायरींपासून अलगच असते. मीटरची कवची तेवढी रबराच्या कड्याने पत्र्यापासून दूर ठेवावी. शंभर मिलिअँपिअर घेणारा संच १.२ अँपिअर-तासाच्या बॅटरीवर दहा तासांच्या आसपास चालतो, आणि एका दिवसाच्या सहलीला एवढे पुरेसे आहे.

प्रश्न : फोर्डच्या मॉडेल टी गाडीलाही हेच नियम लागू पडतात का?

उत्तर : नाही, आणि हा अपवाद मोठा रोचक आहे. १९०८ ते १९२७ या काळात तयार झालेल्या या मोटारीचा मॅग्नेटो फ्लायव्हीलमध्येच आहे. फ्लायव्हीलवर सोळा चुंबके असून त्यांच्यासमोर सोळा गुंडाळ्या स्थिर बसवलेल्या आहेत. या मॅग्नेटोतून उच्च दाबाची ठिणगी निघत नाही, तर कमी दाबाची प्रत्यावर्ती वीज निघते आणि लाकडी पेट्यांतल्या थरथरणाऱ्या कॉइल तिच्यापासून ठिणगी बनवतात. त्याच विजेवर पुढचे दिवेही चालत असत, म्हणजे तिथे काही मिलिअँपिअर वेगळे काढल्याने कोणतेच नुकसान होत नाही. सोळा चुंबके आळीपाळीने उलट ध्रुवतेची असल्यामुळे एका फेऱ्यात विजेची आठ आवर्तने होतात. एक हजार आरपीएमला ही वारंवारता सुमारे १३३ हर्ट्झ येते. डिझेल गाड्यांसाठी अल्टरनेटरच्या टोकावरून चालणारी आणि एका फेऱ्यामागील स्पंदांची संख्या ठरवता येणारी जी मीटरे असतात, त्यांतले एखादे आठ स्पंदांवर लावून मॅग्नेटोच्या टोकाला जोडता येते. स्विच बॅटरीवर ठेवला तरी फ्लायव्हील फिरतच असल्यामुळे वाचन चालू राहते.

दोन गोष्टी मात्र टाळाव्यात. प्लगच्या वायरीवरून मोजू नये, कारण थरथरणारी कॉइल एका वेळी एक ठिणगी न देता ठिणग्यांची माळ देते आणि मीटर त्यांतल्या कितीही मोजू शकते. आणि मीटर जोडताना बॅटरीचा प्रवाह मॅग्नेटोच्या टोकाला चुकूनही लागू देऊ नये. त्याने फ्लायव्हीलवरची चुंबके आपले चुंबकत्व गमावतात, आणि ती पुन्हा चुंबकित करणे हे साधे काम नाही.

प्रश्न : मीटर तर बसवले, पण माझ्या जुन्या इंजिनासाठी लाल रेषा (कमाल सुरक्षित फेऱ्यांची खूण) कुठे आखावी, हे कुठेच लिहिलेले सापडत नाही.

उत्तर : निर्मात्याचे पुस्तक उपलब्ध नसेल, तर पिस्टनच्या सरासरी वेगावरून सुरुवात करावी. स्ट्रोकची दुप्पट मीटरमध्ये घेऊन तिला आरपीएमने गुणावे आणि साठने भागावे. उत्तर सेकंदाला मीटरमध्ये येते. त्या काळच्या साध्या प्रवासी इंजिनाला दीर्घकाळ चालवताना सेकंदाला बारा-साडेबारा मीटरच्या पुढे नेऊ नये, असे माझे मत आहे. बेंटलीच्या तीन लिटरच्या इंजिनाचा स्ट्रोक १४९ मिलिमीटर आहे. त्याच्यासाठी साडेबारा मीटरची मर्यादा सुमारे २५०० आरपीएमला येते, आणि ३५०० ला तोच वेग १७.४ मीटरवर पोहोचतो. बेंटलीचे इंजिन त्याहून अधिक सहन करण्यासाठीच घडवलेले होते, पण शंभर वर्षांचे क्रँक आणि व्हाइट मेटलची बेअरिंगे यांच्याकडून आज आपण तशी अपेक्षा का ठेवावी?

हा हिशेब एकटाच पुरेसा नाही, हे ऑस्टिन सेव्हनच्या उदाहरणावरून दिसते. तिचा स्ट्रोक ७६ मिलिमीटरच आहे, त्यामुळे याच सूत्राने जवळजवळ पाच हजार आरपीएमची मुभा मिळते. परंतु १९३६ पूर्वीच्या सेव्हनचा क्रँकशाफ्ट दोनच मुख्य बेअरिंगांवर उभा आहे आणि वेग वाढला की तो मध्ये वाकू पाहतो. तिथे मर्यादा पिस्टन ठरवत नाही, क्रँक ठरवतो. म्हणून बेअरिंगांची संख्या, त्यांना तेल दाबाने मिळते की नुसते उडून, आणि इंजिन शेवटचे कधी बांधले गेले, या तिन्ही गोष्टी पाहून रेषा सूत्रापेक्षा खालीच आखावी. ती मूळ तबकडीवर रंगवू नये. काचेवर बाहेरून बारीक चिकटपट्टी लावावी.

एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. सिंक्रोमेश (गियरांचे वेग आपोआप जुळवणारी रचना) नसलेल्या गियरबॉक्सच्या गाडीत या मीटरचा खरा उपयोग लाल रेषेपाशी होत नाही, तो गियर खाली घेताना होतो. तिसऱ्या गियरचे प्रमाण १.५ असेल आणि चौथा गियर थेट असेल, तर दोन हजार आरपीएमवरून खाली येताना डबल क्लच करून (न्यूट्रलमध्ये क्लच एकदा सोडून पुन्हा दाबून) इंजिन तीन हजारांवर न्यावे लागते. हा आकडा समोर दिसत असला की हात लवकर शिकतो आणि शंभर वर्षांपूर्वी कापलेले दाते घासले जात नाहीत.

प्रश्न : बसवलेले मीटर खरे दाखवते की नाही, हे वेगळे उपकरण न घेता कसे तपासावे?

उत्तर : रस्त्यावर आणि गॅरेजमध्ये, दोन्हीकडे तपासता येते. रस्त्यावरच्या तपासणीसाठी गाडीत नेहमीइतकी माणसे बसवून, टायरवर खडूची खूण करून चाकाचा एक पूर्ण फेरा जमिनीवर मोजावा. समजा तो २.२ मीटर आला आणि मागच्या ॲक्सलचे प्रमाण ४.५ आहे. ताशी साठ किलोमीटर म्हणजे मिनिटाला एक हजार मीटर; त्याला २.२ ने भागून ४.५ ने गुणले की थेट टॉप गियरमध्ये इंजिनाचे सुमारे २०४५ फेरे येतात. गाडीच्या जुन्या स्पीडोमीटरवर विसंबू नये. उपग्रहावरून वेग दाखवणारा फोन सोबतच्या माणसाने धरावा आणि रस्ता सपाट असावा.

गॅरेजमध्ये जुन्या चोकची ट्यूबलाइट उपयोगी पडते. पन्नास हर्ट्झच्या विजेवर ती सेकंदाला शंभर वेळा, म्हणजे मिनिटाला सहा हजार वेळा लुकलुकते. क्रँकच्या पुलीवर पांढऱ्या रंगाची एकच रेघ ओढून, अंधाऱ्या जागी त्या ट्यूबच्या उजेडात इंजिन चालवावे. बरोबर एक हजार आरपीएमला रेघ एका जागी थांबलेली आणि सहा ठिकाणी दिसते, पंधराशेला चार ठिकाणी. रेघा हळूहळू पुढे सरकत असतील तर इंजिन त्या आकड्याहून किंचित वेगात आहे, मागे सरकत असतील तर किंचित मंद आहे. साठ हर्ट्झची वीज असेल तर हेच आकडे बाराशे आणि अठराशे होतात. एलईडीचे बहुतेक दिवे या कामाला चालत नाहीत, कारण त्यांचा उजेड पुरेसा लुकलुकत नाही. या तपासणीत पंख्याची पातीही थांबलेली भासू शकतात, म्हणून इंजिन चालू असेपर्यंत हात, बाह्या आणि चिंधी बॉनेटच्या बाहेर ठेवावी, आणि आकडा वाचायला दुसऱ्या माणसाला डॅशबोर्डसमोर बसवावे.